वेबव्हॅनची गाडी आणि आमची भिशी

"पण ती कंपनी विकत होती तरी काय गं?"

२००१ च्या पावसाळ्यात आमच्या बस्तीच्या पायरीवर बसून एका काकूंनी मला हे विचारलं. त्यांचे हजार रुपये बुडाल्यात जमा होते, आणि ते माझ्यामुळे.

आमची बारा जणींची भिशी होती. महिन्याला पाचशे रुपये. कुणी त्यातून मिक्सर घ्यायची, कुणी लेकीसाठी पैंजण करून ठेवायची. बारा जणींत पेपरातलं बाजाराचं पान वाचणारी मी एकटीच, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. १९९९ च्या दिवाळीपासून ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर कंपन्यांचे शेअर. मी सुचवलं, भिशी चालू राहू दे, पण एकदा वेगळे हजार-हजार काढू या आणि या कंपन्यांत पैसे घालणारा एक नवा फंड निघालाय त्यात टाकू या. दहा रुपयांचं एक युनिट. फेब्रुवारी २००० मध्ये आम्ही बाराशे युनिटं घेतली. सकाळी प्रवचनात लोभ कषायाबद्दल ऐकायचं आणि दुपारी चहाबरोबर भाव किती झाला ते बघायचं, असं दोन महिने मजेत चाललं. दीड वर्षात दहाचे चार झाले, मग त्याच्याही खाली गेले.

काकूंचे ते हजार रुपये पापड-सांडग्यांचे होते. मी घरखर्चातून वाचवलेले हजार घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी घेतले नाहीत. "सही मीच केली होती की. तू कशाला भरतेस?" म्हणाल्या, आणि मग तो प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही. आपण ज्या धंद्यात पैसे घातले, तो विकतो काय, हे बारा जणींत एकीलाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. पुढे जमेल तसं वाचत गेले. हा लेख म्हणजे काकूंना उशिरा दिलेलं उत्तर समजा.

सुरुवात अमेरिकेत, ९ ऑगस्ट १९९५ ला. नेटस्केप नावाची जेमतेम सोळा महिन्यांची कंपनी शेअर बाजारात आली. इंटरनेटवरची पानं बघायला जो ब्राउझर लागतो, तो ती करत होती. नफा काही नव्हता. शेअर २८ डॉलरला द्यायचं ठरलं होतं, बाजार उघडला तेव्हा भाव ७१ झाला आणि संध्याकाळी ५८ च्या पुढे बंद झाला. संस्थापकांपैकी मार्क अँड्रीसन तेव्हा चोवीस वर्षांचा होता. (त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, आपल्याकडे विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. बेळगावात आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.) नेटस्केपचा माल खरा होता, लोक तो वापरत होते. पण मायक्रोसॉफ्टनं आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली आणि नेटस्केपचं दुकान बसलं. १९९८ च्या अखेरीस ती कंपनी अमेरिका ऑनलाइननं घ्यायचं ठरवलं.

बाजारानं यातून एवढंच उचललं, की नफा नसला तरी चालतो, आधी शेअर काढा. माझ्या मते पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ इथं आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये द ग्लोब डॉट कॉम ही कंपनी आली. दोन विद्यार्थ्यांनी काढलेली, लोकांनी एकमेकांशी गप्पा मारायची जागा. नऊ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी साडेत्रेसष्टवर बंद झाला. अडीच वर्षांत त्याचा एक डॉलरही येत नव्हता.

पण मला सगळ्यांत जास्त गुंतवून ठेवलं ते वेबव्हॅननं, कारण ती विकत होती किराणा. आणि किराणा मला कळतो. माझ्या सासऱ्यांचं रविवार पेठेत भुसाराचं दुकान होतं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या रोजमेळाच्या वह्या मीच उतरवून काढायची. साखरेच्या पोत्यामागं त्यांना किती सुटतं ते बघून मी चाट पडले होते. सुटायचं जवळजवळ काहीच नाही. ते म्हणायचे, "साखर विकून कुणी माडी बांधली नाही. साखरेला आलेलं गिऱ्हाईक जाताना वेलदोडे नेतं, त्यावर दुकान चालतं."

वेबव्हॅन काढली लुईस बॉर्डर्स यांनी, १९९६ साली. पुस्तकांच्या दुकानांची मोठी साखळी उभारून झालेला हुशार माणूस. कल्पना अशी, की घरबसल्या कॉम्प्युटरवर यादी द्यायची, वेळ सांगायची, आणि त्या ठरलेल्या अर्ध्या तासात भाजी, दूध, फळं दाराशी हजर. जून १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरुवात झाली. ओकलंडला प्रचंड गोदाम बांधलं. आत मैलोगणती फिरते पट्टे, माणसापर्यंत माल आणून देणारी फिरती कपाटं, दिवसाला आठ हजार घरांच्या याद्या भरायची ताकद. पन्नास डॉलरच्या पुढच्या खरेदीला पोचवणावळ नाही. गिऱ्हाइकं खूष होती, माल ताजा होता, मुलं वेळेवर यायची. म्हणजे ही काही लबाडी नव्हती. उलट सेवा इतकी चांगली होती, की ऐकून आजही एखादीला वाटेल, अगबाई, आपल्याकडे असतं तर!

मग चुकलं कुठं? पहिल्या गोदामाचा खर्च भरून निघतो की नाही, हे कळायच्या आतच त्यांनी जुलै १९९९ मध्ये बेक्टेल या बांधकाम कंपनीशी एक अब्ज डॉलरचा करार केला. सव्वीस शहरांत तशीच गोदामं उभारायची. सुरुवात जूनची आणि करार जुलैचा! आपण नवं पिठाचं दुकान काढलं तर निदान एक दिवाळी जाऊ देतो. नोव्हेंबरात शेअर बाजारात आणला आणि ३७ कोटींहून जास्त डॉलर उभे केले. पहिल्या दिवसाच्या भावानं कंपनीची किंमत झाली आठ अब्ज डॉलर. तेव्हा ती एकाच भागात माल पोचवत होती. अँडरसन कन्सल्टिंगचे प्रमुख जॉर्ज शहीन ती नोकरी सोडून इथं आले, इतका विश्वास होता.

आता यात किराण्याचं गणित घाला. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनाही शंभर डॉलरच्या विक्रीमागं खर्च वजा जाता एक-दोन डॉलर सुटतात. तिथं गिऱ्हाईक स्वतः गाडी घेऊन येतं, स्वतः शेल्फवरून माल काढतं, स्वतःच घरी नेतं. हे सगळं काम फुकटात होत असतं. वेबव्हॅननं ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं आणि वर त्याचे पैसे घेतले नाहीत. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तसं. आयजी म्हणजे शेअर घेतलेली माणसं. आठ हजार याद्या भरणारं गोदाम अर्धं रिकामं राहिलं तरी विजेचं बिल, पगार आणि यंत्रांची झीज पूर्णच लागते. प्रत्येक नव्या शहरात तोट्याची आणखी एक विहीर खणली जात होती. २००० साली त्यांनी सिअॅटलकडची होमग्रोसर ही प्रतिस्पर्धी कंपनीही विकत घेतली. तीही तोट्यातच. दोन तोटे एकत्र केले की नफा होतो, असं कोणत्या वहीत लिहिलंय?

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टेस्को हे जुनं दुकान हेच काम करत होतं. त्यांनी नवं गोदाम बांधलंच नाही. असलेल्याच दुकानातली माणसं ट्रॉली घेऊन यादीप्रमाणे शेल्फवरून माल काढायची आणि गाडीतून पाठवायची, वर पोचवणावळही घ्यायची. दिसायला अगदी गबाळं काम. आमच्या दुकानातला मुलगा सायकलला पिशव्या लटकवून गोंधळी गल्लीत जायचा, त्याचंच मोठं रूप. पण ते टिकलं.

९ जुलै २००१ ला वेबव्हॅननं गाड्या उभ्या केल्या. ऐंशी कोटी डॉलरच्या वर खर्च झाले होते, सुमारे दोन हजार माणसं एका दिवसात घरी बसली, शेअरचा भाव सहा सेंटवर आला होता. शहीन एप्रिलमध्येच राजीनामा देऊन गेले होते. त्यांच्या करारात हयातभर वर्षाला पावणेचार लाख डॉलर देण्याचं कलम होतं. बुडत्या कंपनीकडून ते मिळायचे कुठून, तेही मग देणेकऱ्यांच्या रांगेत.

पेट्स डॉट कॉमची कथा छोटी आहे. कुत्र्यामांजरांचं खाणं घरपोच. जाहिरातीत मोज्यापासून केलेलं एक कुत्र्याचं बाहुलं होतं, ते अमेरिकेत घराघरांत लाडकं झालं. फेब्रुवारी ते सप्टेंबर १९९९ मध्ये कंपनीचं उत्पन्न सुमारे सहा लाख एकोणीस हजार डॉलर आणि जाहिरातीचा खर्च एक कोटी अठरा लाख. कुत्र्याच्या खाण्याची पोती जड, ती पोचवायला खर्च फार, आणि गिऱ्हाईक ओढायला भाव खरेदीच्याही खाली. फेब्रुवारी २००० मध्ये शेअर आला, नोव्हेंबर २००० मध्ये दुकान बंद. या कंपनीची प्रमुख एक बाई होती, ज्युली वेनराइट. त्या वेळी तिची फार टिंगल झाली. पण तिजोरीत थोडे पैसे शिल्लक होते तेव्हाच तिनं कंपनी गुंडाळायचं ठरवलं, म्हणून कामगारांना जाताना हातात काहीतरी मिळालं. बाकीच्यांनी शेवटचा डॉलर जळेपर्यंत वाट पाहिली. पुढे २०११ साली तिनं वापरलेल्या उंची कपड्यांचा आणि दागिन्यांचा धंदा काढला आणि तोही शेअर बाजारापर्यंत नेला. टिंगल करणारे तेव्हा कुठं होते कोण जाणे.

हे सगळं फुगत असताना कुणालाच दिसलं नाही का? दिसलं होतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख अॅलन ग्रीनस्पॅन डिसेंबर १९९६ मध्येच बाजाराच्या बेभान उत्साहाबद्दल बोलले होते. बाजारानं दोन दिवस मान खाली घातली आणि पुन्हा धावत सुटला. जून १९९९ पासून व्याजाचे दर वर जाऊ लागले. १० मार्च २००० ला नॅस्डॅकचा निर्देशांक ५०४८ वर पोचला, ते शिखर. दहा दिवसांनी 'बॅरन्स' या साप्ताहिकात एक लेख आला. त्यांनी साधं काम केलं होतं. दोनशेवर इंटरनेट कंपन्यांची शिल्लक बघितली, दर महिन्याचा खर्च बघितला आणि भागाकार केला. निदान एक्कावन्न कंपन्यांचे पैसे वर्षभरात संपणार होते. डब्यात ज्वारी किती आणि घरात खाणारी तोंडं किती, हा हिशेब आपण रोज करतो. तो तिथं त्या दिवसापर्यंत जाहीरपणे फारसा कुणी मांडला नव्हता. ऑक्टोबर २००२ पर्यंत निर्देशांक १११४ वर आला. शंभराचे बावीस. पुन्हा तिथवर चढायला २०१५ साल उजाडावं लागलं.

आम्ही शिखराच्या महिनाभर आधी चढलो होतो. बायकांचा मुहूर्त कधी चुकत नाही म्हणतात!

ज्यांचं कामच सावध करायचं होतं, त्यांच्याबद्दल मात्र मला अजून राग आहे. हेन्री ब्लॉजेट हे त्या वेळचे नावाजलेले बाजार-विश्लेषक. लोकांना एक शेअर घ्या म्हणून सांगायचे आणि आपापसातल्या ई-मेलमध्ये त्याच शेअरला नावं ठेवायचे, असं चौकशीत बाहेर आलं. कारण ज्या कंपन्यांबद्दल बोलायचं, त्यांच्याकडूनच त्यांच्या बँकेला धंदा मिळत होता. २००३ साली त्यांना या व्यवसायातून कायमचं बाहेर काढलं आणि सुमारे चाळीस लाख डॉलर भरायला लावले. आमच्या बाजारात अडत्या दोन्हीकडून अडत खातो, पण निदान ते सगळ्यांना माहीत असतं.

आता कुणी म्हणेल, मग अॅमेझॉन कशी उरली? तीही तोट्यातच होती. १९९९ च्या डिसेंबरात तिचा शेअर शंभर डॉलरच्या पुढे होता आणि २००१ च्या शरदात सहाच्याही खाली. जेफ बेझोस फार सावध होते म्हणावं, तर पेट्स डॉट कॉममध्ये त्यांच्याच कंपनीचे पैसे होते. दोन गोष्टींनी तारलं असं मला वाटतं. एक अगदी आपल्या पेठेतली. पुस्तक घेणारा पैसे लगेच द्यायचा आणि अॅमेझॉन प्रकाशकाला काही आठवड्यांनी द्यायची. मधले दिवस दुसऱ्याचा पैसा आपल्या गल्ल्यात. रोख विक्री, उधार खरेदी. दुसरं निव्वळ दैव. फेब्रुवारी २००० मध्ये, म्हणजे बाजार कोसळायच्या महिनाभर आधी, त्यांनी युरोपात रोखे विकून ६९ कोटी युरो कर्जाऊ घेतले. तेच महिनाभर उशिरा गेले असते तर कुणी दारात उभं केलं नसतं. २००१ च्या शेवटच्या तिमाहीत कंपनीला पहिला नफा झाला, पन्नास लाख डॉलर. पुढे यशाच्या गोष्टी सांगणारे दूरदृष्टीबद्दलच बोलतात, त्या फेब्रुवारीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

वेबव्हॅनही पूर्ण मेली नाही. तिथं काम केलेल्या मिक माउंट्झ यांना गोदामातला माल माणसापर्यंत कसा आणायचा याचा घोर लागून राहिला होता. त्यांनी किवा नावाची कंपनी काढून कपाटं उचलून फिरणारी यंत्रं केली. २०१२ साली ती कंपनी साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरना घेतली अॅमेझॉननं.

आपल्याकडे या लाटेचं पाणी आलं ते नोव्हेंबर १९९९ मध्ये. मुंबईच्या राजेश जैन यांनी १९९५ साली इंडियावर्ल्ड काढली होती, परदेशातल्या भारतीयांना इकडच्या बातम्या मिळाव्यात म्हणून. पुढे समाचार, खेळ, बावर्ची अशी तिची भावंडं आली. ती सत्यम इन्फोवेनं ४९९ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं. जैन हे आडनाव वाचून आमच्या बायकांना इतका आनंद झाला, जसा काही आमच्याच गल्लीतला मुलगा! खरं सांगायचं तर आमची भिशी फंडाकडे वळली ती त्या बातमीनंतर. जैनांनी धंदा चार-साडेचार वर्षं कमी खर्चात चालवला होता आणि योग्य वेळी विकला. आम्ही विकत घेणाऱ्यांच्या बाजूला उभ्या होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

लग्नाच्या बाजारावरही परिणाम झाला. अमेरिकेनं एच-१बी व्हिसाची वर्षाची मर्यादा ६५ हजारांवरून वाढवत १ लाख ९५ हजारांवर नेली होती. २००० साली मुलगा "तिकडं कॉम्प्युटरमध्ये" म्हटलं की पत्रिकाही बघत नसत. २००१ मध्ये तीच मुलं नोकरी गेली म्हणून बॅगा घेऊन परत येत होती, कारण तेव्हा त्या व्हिसावर नोकरी गेली की राहताच येत नसे. आमच्या नात्यात एका मुलीचा साखरपुडा मोडला. आज ती इथंच शिक्षिका आहे, सुखात आहे, पण त्या वर्षी तिच्या आईनं चातुर्मासात दारात पाऊल टाकलं नव्हतं.

एका गोष्टीचा मात्र आपल्याला फायदाच झाला. इंटरनेट दर काही महिन्यांनी दुप्पट होणार, या भरवशावर पाश्चात्त्य कंपन्यांनी समुद्राखालून अफाट तारा टाकल्या होत्या. तेवढी मागणी आलीच नाही आणि एकेकीनं दिवाळं काढलं. २००२ साली दिवाळ्यात गेलेली फ्लॅग टेलिकॉम २००४ च्या सुरुवातीला रिलायन्सनं सुमारे वीस कोटी सत्तर लाख डॉलरना घेतली. टायको कंपनीनं दोन अब्जांहून जास्त खर्चून टाकलेलं साठ हजार किलोमीटरचं जाळं, तोवर टाटांकडे आलेल्या विदेश संचार निगमनं तेरा कोटींना मिळवलं. ज्यांनी तारा टाकल्या ते बुडाले, आणि त्या स्वस्त तारांवर इकडची कॉल सेंटरं चालली. परदेशी फोन मिनिटाला चाळीस-पन्नास रुपयांवरून चार-पाच रुपयांवर आला. आता तर सुनेचं डोहाळजेवण तिकडं आणि ओवाळायला आपण इकडून फोनवर. त्यात कुण्या अमेरिकन पेन्शनरचे बुडालेले पैसे आहेत, ही गोष्ट मला मधूनच आठवते आणि जरा चमत्कारिक वाटतं.

हे एवढं सगळं मी काकूंना एकदा सांगायला बसले होते, बऱ्याच वर्षांनी. वेबव्हॅनपर्यंत त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या सासऱ्यांचंच दुकान की. फक्त त्यांनी वही लिहिली नाही." पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत, संध्याकाळच्या जेवणाची वेळ टळत होती. दिवेलागणीनंतर त्या पाणीही घेत नसत.

आमची बाराशे युनिटं आम्ही २००३ साली विकली, तीन रुपये वीस पैशांनी. तीन हजार आठशे चाळीस आले. वाटून घेतले असते तर एकीला तीनशे वीस. कुणालाच ते घरी न्यावेसे वाटेनात. थोडी भर घालून बस्तीच्या स्वयंपाकघराला एक मोठं पितळी पातेलं घेतलं आणि त्यावर नाव घातलं, "महिला भिशी मंडळ, २००३". कल्हई दर दोन वर्षांनी मी करून आणते.